किल्लेकोट आणि अडीच घरे : देशी बुद्धिबळातील बचावाच्या इतिहासाविषयी एक टिपण

बुद्धिबळाच्या आधुनिक ग्रंथांत काळ्या मोहऱ्यांच्या बचावांचा एक मोठा वर्ग ‘भारतीय’ ह्या विशेषणाने ओळखला जातो. हे विशेषण केवळ भौगोलिक सोय म्हणून आले, त्यामागे काही विचार नव्हता, अशी समजूत आपल्याकडील खेळाडूंतही रूढ आहे. त्याहून वाईट समजूत अशी की देशी खेळाडूंना युरोपीय पद्धतीची माहिती नसल्यामुळे ते प्यादी एकेक घर दबकत पुढे सारीत आणि पुढे युरोपीय पंडितांनी त्या अज्ञानालाच शास्त्राचे रूप दिले. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा आहे, बुद्धिबळाचा नव्हे. तथापि खेळाची परिभाषा ही त्या खेळातील विचाराची नोंदवही असते आणि ती उघडून पाहिली म्हणजे वरील दोन्ही समजुती टिकत नाहीत, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम खेळाच्या नावाकडे पाहू. हिंदीत ‘शतरंज’, गुजरातीत ‘शेतरंज’, कन्नडात ‘चदुरंग’, तमिळमध्ये ‘सदुरंगम्’, बंगालीत ‘दाबा’. मराठीने मात्र ‘बुद्धिबळ’ हा शब्द धरून ठेवला. ‘बळ’ म्हणजे शक्ती आणि ‘बळ’ म्हणजे सैन्यही, हा श्लेष त्यात आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ह्या खेळाचे विवेचन आढळते. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्ट हे नाव तर मराठी वाचकास जवळचे वाटावे. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पणजोबा रामेश्वर भट्ट काशीस जाऊन राहिले. नीलकंठांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबई इलाख्यातील न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधारग्रंथ म्हणून गाजला, आणि तो ज्या ‘भगवंतभास्कर’ नामक बारा मयूखांच्या ग्रंथाचा भाग आहे त्याच ग्रंथातील ‘नीतिमयूखा’त ह्या क्रीडेचे वर्णन आले आहे. वारसाहक्काचा निवाडा आणि घोड्याची चाल एकाच शास्त्र्याने एकाच ग्रंथात सांगावी, ह्यात त्या काळच्या पंडितांना काही विसंगत वाटले नाही. पुढे १८१४ साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री ह्यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ मूळ संस्कृतावरून इंग्रजीत छापला गेला. तो ‘युरोपीय पद्धतीस जुळवून’ घेतलेला आहे असे त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन पद्धती समोरासमोर उभ्या होत्या आणि एकीतून दुसरीत जाण्यासाठी काही जुळवाजुळव करावी लागते ह्याची जाणीव आपल्या शास्त्र्यांना होती.

ही जुळवाजुळव कोणती? देशी पद्धतीचे नियम प्रांताप्रांतांत थोडे बदलत, परंतु त्यांचा सांगाडा सामान्यतः असा होता. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. ते शेवटच्या ओळीत पोहोचले म्हणजे ज्या मोहऱ्याच्या घरात आले त्याचेच रूप घेई. दोन्ही राजे एकमेकांसमोर नसत; प्रत्येक राजासमोर शत्रूचा वजीर असे. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई, आणि सर्व मोहरी गमावून एकटाच उरलेल्या राजासाठी ‘बुर्जी’चा वेगळा विचार होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र राजाचा. देशी पद्धतीत किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई, पण तोवर त्याला शह बसलेला नसेल तरच.

ह्या ‘तरच’वर थोडे थांबले पाहिजे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात राजाला शह बसला, आणि तो न हलता मध्ये मोहरे घालून किंवा शह देणारे मोहरे मारून सुटला, तर किल्लेकोटाचा त्याचा हक्क शाबूत राहतो. देशी नियमात तसे नाही. एक शह बसला की उडी गेली, ती कायमची. त्यामुळे डावाच्या आरंभी दिलेला साधा शह, ज्याला युरोपीय शिक्षक नवशिक्याचा उतावळेपणा म्हणतील, तो देशी पटावर राजाचा एक हक्क हिरावून घेणारा गंभीर प्रहार होता. साहजिकच देशी खेळाडू पहिल्या चालीपासून दोन गोष्टींकडे पाही : आपल्या राजापर्यंत येणारी उघडी वाट बंद ठेवणे, आणि समोरच्याच्या राजापर्यंतची वाट उघडणे. बंदिस्त प्यादी, मागे दबा धरून बसलेले उंट, शत्रू पुढे सरकल्यावरच त्याच्या मध्यावर घाव, ही रचना भित्रेपणातून आलेली नसून ह्या नियमाच्या तर्कातून आलेली आहे, असे माझे मत आहे.

आपल्या भाषेतील बुद्धिबळजन्य शब्द हीच साक्ष देतात. ‘शह’ हा शब्द फारसी ‘शाह’वरून आला, इंग्रजीतील ‘चेक’ हेही त्याच शब्दाचे फ्रेंचमार्गे पोहोचलेले रूप होय. ‘मात’ फारसीच, मूळ अर्थ निरुपाय झालेला. ‘प्यादे’, ‘वजीर’, ‘मोहरे’ हेही त्याच वाटेने आले. हत्ती, घोडा, उंट हे घरचे. परंतु मराठीने ह्या शब्दांना राजकारणात आणि संसारात जो संचार करू दिला त्यात निवड दिसते. आपण ‘शह’ देतो आणि त्याला ‘काटशह’ देतो. एखाद्याला ‘अर्दबीत’ आणतो : राजा आणि शह देणारे मोहरे ह्यांच्या मध्ये उभे राहिलेले, म्हणून हलता न येणारे मोहरे म्हणजे अर्दबीत सापडलेले मोहरे. काटशह, अर्दब, अडीच घरे. सर्व शब्द राजाभोवतीच्या वाटांचे आहेत. नुसत्या झटापटीचा, मोहऱ्यामागून मोहरे मारण्याचा, वाक्प्रचार भाषेत जवळजवळ उतरलेलाच नाही.

आणि ‘किल्लेकोट’? हा शब्द युरोपीय नियमाबरोबर आलेल्या कल्पनेसाठी मराठीने घडविला. ‘किल्ला’ अरबी, ‘कोट’ देशी, अर्थ दोहोंचा एकच. ‘बाजारहाट’, ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’ ह्या जोडशब्दांचे हे सख्खे भावंड होय. परका शब्द घरात आला की त्याच्या शेजारी त्याच अर्थाचा ओळखीचा शब्द बसवावयाचा, ही मराठीची जुनी रीत. इंग्रजी शब्दात एकच गढी आहे. मराठीने दोन तटबंद्या बांधल्या. मुरबाड तालुक्यातील धसई येथे बोलीचे शब्द टिपून घेत असता पारावर पट मांडून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला हा भेद फार नेमका सांगितला होता : “उडी राजाची असते, कोट हत्तीच्या जिवावर असतो.” भोवती जमलेली मुले आज हा खेळ भ्रमणध्वनीवर शिकतात आणि त्यांना अडीच घरे म्हणजे फक्त घोडाच ठाऊक आहे. राजाची उडी सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. येथे एवढे नमूद करावे की राजाची उडी ही केवळ हिंदी चमत्कृती नव्हे. मध्ययुगीन युरोपातही राजाला एकदा उडी घेता येत असे, आणि त्या उडीतूनच हत्तीसह करावयाच्या आजच्या दुहेरी चालीचा हळूहळू विकास झाला. देशी नियम हा त्याच कुळातील, जुन्या वळणावर राहिलेला.

आता ह्या तर्काची प्रत्यक्ष पटावर कसोटी पाहू. मराठी मुलखातील त्या काळच्या खेळी नोंदविलेला मोठा साठा आपल्या हाती नाही; तसा साठा कलकत्त्याचा आहे, आणि त्याला कारण जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) हा स्कॉटिश बॅरिस्टर. कॉक्रेन हा लंडनमधील पहिल्या प्रतीचा खेळाडू. १८४८ साली त्याची गाठ मुफसलातील एका ब्राह्मणाशी पडली. त्याचे नाव महेशचंद्र बंदोपाध्याय, इंग्रजी लेखनात मोहेशचंदर बॅनर्जी. कलकत्त्याच्या मंडळात कॉक्रेनशी बरोबरीच्या नात्याने बसू शकेल असा तोच एक, असे तेव्हाच्या इंग्रजी नियतकालिकात छापून आले. दोघांचे शेकडो डाव झाले.

कॉक्रेनचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. आजही त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक डाव त्याने १८४८ साली महेशचंद्राविरुद्धच खेळला. काळा पेत्रोव्हचा बचाव मांडतो, हा बचाव अत्यंत भक्कम म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पांढरा चौथ्याच चालीला आपला घोडा काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर झोकून देतो. राजाला तो घोडा मारावाच लागतो, आणि मारला की किल्लेकोटाचा हक्क गेला. एका मोहऱ्याच्या मोलाने शत्रूचा राजा उघड्यावर आणावयाचा, हा कॉक्रेनचा मंत्र. त्याच्या प्रतिपक्षाने ह्या मंत्राला जो काटशह दिला तो आपल्या विषयाचा गाभा आहे.

१८५० नंतरच्या दशकातील एक डाव घेऊ. पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ असे समजावे. कॉक्रेन पांढरा. त्याने राजापुढचे प्यादे ई४ वर आणले. महेशचंद्राने वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवून डी६ वर ठेवले. पुढे पांढऱ्याची प्यादी डी४, सी४, एफ४ अशी रांगेने चालून आली. काळ्याने जी६ वर प्यादे, जी७ वर उंट, एफ६ वर घोडा असा कोट रचला आणि पाचव्या चालीला किल्लेकोट केला. येथे लक्षात घ्यावे की जो नियम त्याच्या लहानपणीच्या खेळात नव्हता तो त्याने प्रतिपक्षाच्या आधी वापरला. शिकलेला नियम आणि जन्माची सवय ह्यांचा इतका सुंदर मेळ क्वचितच दिसतो.

सहाव्या चालीला पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला आणि काळ्या उंटाने जी४ वर येऊन त्याला अर्दबीत घेतले. घोडा हलला तर मागचा वजीर जातो. सातव्या चालीला कॉक्रेनने आपला उंट डी३ वर ठेवला. दिसावयास ही चाल निर्दोष, पण तिने डी४ च्या प्याद्यामागचा वजिराचा आधार तुटला. काळ्याने तत्काळ ई५ वर घाव घातला. प्याद्यांची देवघेव झाली, पांढऱ्याचे प्यादे डी५ वर सरकले, आणि नवव्या चालीला काळ्या घोड्याने ई४ वरील प्यादे मारले! पांढऱ्या घोड्याने त्याला मारताच काळ्याचे प्यादे एफ५ वर. पांढरा घोडा जी५ वर पळाला तर दुसरे प्यादे ई४ वर येऊन उंट आणि अर्दबीतला घोडा दोघांवर एकदम चढले. कॉक्रेनने बाराव्या चालीला आपला मोकळा घोडा ई६ वर घुसविला. तेथून वजीर, हत्ती आणि उंट तिघांवर त्याचा मारा होता. सामान्य खेळाडू येथे वजीर हलवील. महेशचंद्राने तो होता तेथेच ठेवला आणि एफ३ वरील घोडा प्याद्याने मारला.

तेराव्या चालीला पांढऱ्याचा राजा ई१ वरच होता. किल्लेकोटाला अजून कोणतीही हरकत नव्हती : मधली घरे रिकामी, राजाला शह नाही, वाटेवर मारा नाही. कॉक्रेनने वजीर मारला. काळ्याचे प्यादे जी२ वर पोहोचले आणि त्यामागून उंटाची वाट पांढऱ्या वजिरापर्यंत उघडली. हत्तीला जी१ वर जावे लागले, वजीर पडला, पांढऱ्या घोड्याने जाता जाता हत्ती उचलला, जी२ चे प्यादेही मारले गेले. सतराव्या चालीनंतर हिशेब मांडला तर पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि काळ्याकडे एक. त्याबदली काळ्याकडे एक घोडा आणि एक प्यादे अधिक. केवळ मोहऱ्यांच्या मोलाने पांढऱ्याचे काही बिघडले नव्हते. परंतु राजाकडे पाहावे. एका बाजूचा हत्ती हलल्यामुळे तिकडचा किल्लेकोट कायमचा गेला. दुसऱ्या बाजूस जावयाचे तर डी१ हे घर ओलांडावे लागते आणि त्यावर जी४ च्या उंटाचा मारा आहे. दोन्ही कोटांची दारे बंद, मधल्या ओळी मोकळ्या, आणि काळ्याचा राहिलेला घोडा डी७ वरून सी५ वर यावयास सिद्ध. पुढे काळ्याने हा डाव जिंकला.

सवयीने प्यादे दबकत सारणाऱ्या माणसाचे हे काम नव्हे. हा आक्षेप पुरता निकालात काढणारा दुसरा एक डाव १८५५ सालचा आहे. त्यात पांढऱ्याच्या डी४ आणि सी४ ह्या प्याद्यांना महेशचंद्राने एफ६ वर घोडा आणि जी६ वर प्यादे असे उत्तर दिले, आणि तिसऱ्या चालीला आपले वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे टाकून डी५ वर आणले. देशी नियमात जी चाल नव्हतीच ती त्याने नेमकी योग्य जागी वापरली. म्हणजे एक घर की दोन घरे हा त्याच्यापुढे सवयीचा प्रश्न नव्हता. तो निवड करीत होता. हा डाव तो हरला हेही सांगितले पाहिजे. ह्या खेपेस दोघांनीही किल्लेकोट केला होता, आणि कॉक्रेनच्या घोड्याने काळ्या राजाला त्याच्याच मोहऱ्यांच्या गर्दीत कोंडून मात करण्याची वेळ आणली. कोट म्हणजे अभय नव्हे. परंतु तीच मांडणी १९२२ साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने पुन्हा पटावर आणली, आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ‘भारतीय बचाव’ ह्या शब्दप्रयोगाची ज्ञात नोंद १८८४ पर्यंत मागे जाते आणि तो महेशचंद्राच्या खेळावरूनच पडला असे मानले जाते. तेव्हा विशेषण निराधार नाही. फक्त ते एका माणसाचे नाव पुसून देशाचे नाव लावते. युरोपीयांच्या बाबतीत उलट होते : पेत्रोव्ह, ग्रुनफेल्ड, खुद्द कॉक्रेन, सर्वांची नावे जशीच्या तशी. नामकरणाच्या ह्या भेदभावाकडे शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने दुर्लक्ष करू नये.

महेशचंद्राच्या त्या डावाला शंभर वर्षे झाली आणि १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे तेरा वर्षांच्या रॉबर्ट फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी जो डाव खेळला, त्याला हान्स क्मोखने ‘शतकातील डाव’ म्हटले. दोन्ही डाव शेजारी मांडून पाहिले तर मन थक्क होते. फिशरने जी७ वर उंट ठेवून चौथ्या चालीला किल्लेकोट केला. दहाव्या चालीला त्याचा दुसरा उंट जी४ वर गेला. तेराव्या चालीला त्याच्या घोड्याने ई४ वरील प्यादे मारले. बर्नचा राजा अजून ई१ वर, आणि राजाच्या बाजूचा त्याचा उंट पंधराव्या चालीपर्यंत घरातून निघालाच नाही. ई७ वरील प्यादे मारून बर्नने स्वतःच ई ओळ मोकळी केली होती. सोळाव्या चालीला त्या ओळीतून हत्तीचा शह बसला, राजाला हलावे लागले आणि किल्लेकोट संपला. पुढच्याच चालीला फिशरने उंट ई६ वर आणून आपला वजीर माऱ्यात राहू दिला. बर्नने तो घेतला. मग उंट आणि घोडा ह्यांनी एकामागून एक शह देत पांढऱ्या राजाला दोन घरांत नाचविले, आणि एकेचाळिसाव्या चालीला मात झाली.

फिशरला कलकत्त्याचा डाव ठाऊक होता किंवा नव्हता ह्याने येथे काही बिघडत नाही. एकाच कुळातील रचनेतून शंभर वर्षांच्या अंतराने तीच फळे निघावीत, ह्याचा अर्थ त्या रचनेत कारणपरंपरा आहे. स्वतःचा राजा लवकर कोटात घालावयाचा. मध्य प्रतिपक्षाला देऊन त्याला पुढे येऊ द्यावयाचे. त्याचा राजा ज्या उभ्या ओळीत आहे तीच ओळ फोडावयाची, आणि ती फोडण्यासाठी मोहरे द्यावे लागले तरी कचरावयाचे नाही. शेवटची अट सर्वांत कठीण. उघडा राजा हे भांडवल नाशवंत असते. दोन चाली सवड मिळाली की तो कोटात जाऊन बसतो. म्हणूनच महेशचंद्राने नवव्या चालीला घोडा दिला, विसाव्या चालीला नव्हे.

हे सर्व पाहता आपल्याकडील शिक्षणात देशी पद्धतीचा जो उल्लेखही नाही, तो खटकतो. महाराष्ट्रात ह्या खेळाची परंपरा लहान नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या ह्यांना विभागून मिळाले. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली वासंती खाडिलकरांनी जिंकली. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक पटकाविला. खेळाडू आहेत, मंडळे आहेत. शब्द मात्र गळत आहेत. ‘अर्दब’ म्हटल्यावर आजच्या तरुण खेळाडूला अर्थ विचारावा लागतो, कारण त्याच्या शिकविण्यात तेथे ‘पिन’ आला आहे. ‘काटशह’ वृत्तपत्रांच्या राजकीय मथळ्यांत जिवंत आहे आणि पटावर मेला आहे. राजाच्या उडीला तर मराठीत स्वतंत्र नाव होते की ती नुसती ‘अडीच घरे’ म्हणूनच ओळखली जाई, हे गावोगावच्या वृद्ध खेळाडूंकडून आताच टिपून घेतले पाहिजे. मुरबाड-शहापूरकडील टिपणांत मला आतापर्यंत दुसराच प्रयोग मिळाला आहे. घाटावरील, विशेषतः जुन्नर आणि सांगलीकडील, प्रयोग ज्यांच्या कानावर असतील त्यांनी ते विभागाकडे वाक्यासह पाठवावेत.